सगळं प्रारब्धच असेल, तर धर्म सांगायचा कुणाला?

महाभारताच्या अनुशासनपर्वात, अगदी पहिल्याच अध्यायात, गौतमी नावाची एक वृद्धा भेटते. तिच्या मुलाला साप चावतो आणि मुलगा जातो. अर्जुनक नावाचा पारधी त्या सापाला पकडतो, तातीने बांधतो आणि तिच्यापुढे आणून विचारतो, याला आगीत टाकू की याचे तुकडे करू? गौतमी म्हणते, सोड त्याला. याला मारून माझं लेकरू काही परत येणार नाही.

पारध्याला हे पटत नाही. तो परोपरीने तिला समजावतो, ती ढळत नाही. मग बांधलेला सापच बोलू लागतो: अरे, यात माझा काय दोष? मी स्वतंत्र नाही, मृत्यूने मला पाठवलं. पारधी म्हणतो, दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलंस, तरी केलंस तूच ना? तेवढ्यात मृत्यू स्वतः येतो आणि म्हणतो, मला काळाने पाठवलं. मग काळ येतो. त्याचं म्हणणं असं की ना मी दोषी, ना मृत्यू, ना हा साप. या मुलाचं स्वतःचं कर्मच त्याच्या मरणाला कारण झालं. गौतमी ते मान्य करते, माझंही तसंच काही कर्म असणार म्हणून हे दुःख माझ्या वाट्याला आलं असं म्हणते, आणि साप सुटतो.

कर्माचा सिद्धांत म्हणजे सगळं आधीच ठरलेलं, असं मानणाऱ्यांना ही गोष्ट भक्कम पुरावा वाटेल. दोष सापाकडून मृत्यूकडे, मृत्यूकडून काळाकडे सरकत जातो आणि शेवटी मागल्या जन्मात जाऊन बसतो, जिथे कुणाचाच हात पोचत नाही. पण या सगळ्यांत एकटी गौतमी अशी आहे की जी ‘मला अमक्याने करायला लावलं’ असं म्हणत नाही. सापाला मारायचं नाही हे तिने मृत्यू आणि काळ साक्षीला येण्याच्या कितीतरी आधीच ठरवलंय. पोटचं पोर समोर मरून पडलंय, मारणारा बांधून ठेवलाय, ‘तू फक्त हो म्हण’ असं सांगणारा माणूस पुढ्यात उभा आहे, आणि ती नाही म्हणते. तिच्या या ‘नाही’चं श्रेय महाभारताने काळाला दिलेलं नाही.

ही गोष्ट भीष्म सांगतात युधिष्ठिराला. युद्ध संपलंय, आपल्यामुळे आप्तेष्ट मेले या विचाराने तो पार खचलाय. गेलेल्याचा भार थोडा उतरावा म्हणून सांगितलेली ही गोष्ट आहे. त्याच पर्वात थोडं पुढे, सहाव्या अध्यायात, युधिष्ठिर सरळच विचारतो: दैव मोठं की पुरुषकार? (पुरुषकार म्हणजे माणसाने स्वतः केलेला प्रयत्न.) तिथे भीष्मांच्या उत्तराचा रोख बदलतो. प्रयत्नच नसेल तर दैव काही पिकवू शकत नाही, असं ते बजावतात. सांगणारा तोच, ऐकणारा तोच. मागे बघायचं असतं तेव्हा एक उत्तर, पुढे जायचं असतं तेव्हा दुसरं. इच्छास्वातंत्र्याबद्दल आपल्या परंपरेत जे काही सांगितलंय ते समजून घ्यायला मला हा धागा सगळ्यात उपयोगी वाटतो.

आता कर्म म्हणजे नेमकं काय ते पाहू. वेदान्तात त्याचे तीन भाग सांगायची पद्धत आहे. आजवर साठलेलं सगळं ते संचित. त्यातला जो हिस्सा फळ द्यायला लागला, ज्यातून हा जन्म मिळाला, ते प्रारब्ध. आणि आता, या क्षणी आपण करतोय ते क्रियमाण. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या विषयावर एक अख्खं प्रकरण आहे, ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’. तिथे ते ब्रह्मसूत्रांच्या, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथाच्या, आधाराने म्हणतात की खरे भाग दोनच धरावेत: फळ द्यायला लागलेलं कर्म आणि अजून न लागलेलं. पहिलं भोगूनच संपतं. ज्ञान झालेल्यालाही ते चुकत नाही. दुसऱ्याचं तसं नाही, ते ज्ञानाने नाहीसं होऊ शकतं.

म्हणजे ‘कर्म टळत नाही’ हे वाक्य एका हिश्श्यापुरतंच खरं आहे. आणि त्या हिश्श्यातून तरी काय काय मिळतं? पतंजलींच्या योगसूत्रांत (२.१३) कर्माच्या विपाकाची, म्हणजे ते पिकून फळाला येण्याची, तीनच फळं सांगितली आहेत: जन्म, आयुष्य आणि भोग. कोणत्या देहात आलात, किती काळ राहाल, सुखदुःखाचा कोणता अनुभव वाट्याला येईल. त्या अनुभवाला तुम्ही काय उत्तर द्याल, हे त्या यादीत नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर फसगत होईल, कारण कर्म फळाखेरीज आणखी एक गोष्ट मागे ठेवतं: संस्कार. एकदा केलेलं पुन्हा करावंसं वाटतं, दहादा केलेलं सवयीने होतं, आणि पुढे पुढे तो आपला स्वभावच होतो. इच्छास्वातंत्र्याचा खरा तिढा इथे आहे. परिस्थिती मी निवडली नाही हे कुणीही मान्य करेल. पण माझी इच्छा तरी मी कुठे निवडली?

एक रोजचा प्रसंग घ्या. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सगळ्यांदेखत तुमच्यावर ठपका ठेवतं. चूक तुमची नव्हती. वाचता वाचता कान तापतात, अंगठे भराभर चालू लागतात, तीन ओळी तयार होतात आणि त्यातली एक बरोबर त्या माणसाच्या वर्मावर घाव घालणारी असते. पाठवायचं बटण अजून दाबलेलं नाही. तो मेसेज येणं तुमच्या हातात नव्हतं. राग येणंही नव्हतं, तो विचारून आला नाही. वर्मी लागेल असं वाक्य झटकन सुचणं, हेही बरीच वर्षं तसं बोलत आल्यामुळे जमतं. हे सगळं वजा केल्यावर उरतं ते बटण. ते दाबलंत तर पुढच्या वेळी अंगठे आणखी लवकर चालतील. नाही दाबलंत, तर राग तेवढाच येईल कदाचित, पण तो आणि बटण यांच्यातलं अंतर थोडं वाढलेलं असेल.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात नेमकी हीच अडचण आहे. तेहेतिसाव्या श्लोकात श्रीकृष्ण म्हणतात की ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, तिथे निग्रह काय करणार? हे वाचून कुणीही हात टेकेल. शंकराचार्यांनी या ठिकाणी भाष्यात वाचकाच्या वतीने शंका काढली आहे, आणि ती मुळीच सौम्य केलेली नाही: प्रत्येक जण स्वभावानुसारच वागत असेल आणि स्वभाव नसलेला कुणी नसेलच, तर पुरुषकाराला जागाच उरत नाही आणि शास्त्र फुकट जातं. उत्तर ते पुढच्या श्लोकात दाखवतात. प्रत्येक इंद्रियाचे आपापल्या विषयाबद्दल राग आणि द्वेष, म्हणजे ओढ आणि तिटकारा, ठरलेले आहेत. त्यांच्या ताब्यात जाऊ नये. आचार्यांचं म्हणणं असं की प्रकृती माणसाला ओढते ती या दोघांच्या हातून. ओढ उठणं तिचं काम, पण ओढ उठली म्हणून तिच्यामागे जाणं सक्तीचं नाही, आणि पुरुषकाराची जागा नेमकी तेवढीच आहे.

जागा लहान आहे, हे मान्य करायला हवं. मला मात्र हा प्रामाणिकपणा आवडतो. माणूस पूर्ण मोकळा आहे असं गीता कुठेच म्हणत नाही. अठराव्या अध्यायात तर कुठल्याही कृतीची पाच कारणं मोजून दिली आहेत: देह, कर्ता, इंद्रियं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. पाचांत कर्ता एक. जो स्वतःला एकट्याला कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असंही तिथेच म्हटलंय. शिवाय स्वातंत्र्य सगळ्यांना सारखं वाटून दिलेलं नसतं, ते कमावलं जातं आणि गमावलंही जातं. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ हा चरण आपण सोयीचा म्हणून नेहमी काढतो, पण ‘असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास’ असं म्हणणारे तुकोबाही तेच आहेत.

धर्माकडे वळलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. अग्नीने उष्ण असावं असा आदेश कुणी देत नाही. पाण्याने उतारावरून वाहावं असं कुठलं शास्त्र सांगत नाही. ‘सत्य बोल’, ‘हिंसा करू नको’ हे सांगावं लागतं ते अशालाच, जो खोटं बोलू शकतो आणि मारूही शकतो. ब्रह्मसूत्रांत (२.३.३३) जीव हा कर्ता आहे हे ठरवताना पहिलं कारण हेच दिलंय: तसं मानलं तरच शास्त्राला अर्थ राहतो. शंकराचार्यांनी याच सूत्रांवरच्या भाष्याच्या सुरुवातीलाच कर्माचं लक्षण देताना फार साधं उदाहरण घेतलंय. कर्म करता येतं, न करता येतं, वेगळ्या रीतीनेही करता येतं. माणूस घोड्यावरून जातो, पायी जातो, आणखी कसा जातो, किंवा जातच नाही. ज्ञान तसं नसतं, समोर खांब असेल तर तो खांबच दिसायला हवा. इच्छास्वातंत्र्याची याहून सोपी व्याख्या मला कुठे मिळालेली नाही.

आणि धर्म तुमच्या वतीने निवड करून देत नाही. अर्जुनाचा पेच अधर्म करावा की धर्म असा नव्हताच. क्षत्रियाने न्यायासाठी लढावं हा धर्म, गुरूंवर आणि आजोबांवर शस्त्र उचलू नये हाही धर्म. दोन्ही खरे, दोन्ही एकाच वेळी समोर. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला याहून बोचरा प्रश्न विचारते: तुम्ही आयुष्यभर धर्म पाळलात, मग आपण रानात का? विधाता माणसांना लाकडी बाहुल्यांसारखं नाचवतो, असं ती उद्वेगाने म्हणते. युधिष्ठिराचं उत्तर असं की मी फळ बघून धर्म करत नाही. द्यायचं असतं म्हणून देतो, यज्ञ करायचा असतो म्हणून करतो. धर्माचा व्यापार करणाऱ्याला तो हीन म्हणतो. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’चा अर्थ मला गीतेपेक्षा इथे जास्त कळला, कारण बोलणारा माणूस सगळं हरून बसलाय. फळ ताब्यात नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी कृती त्याने सोडून दिलेली नाही. आणि द्रौपदीचं भाषण बाहुल्यांवर संपत नाही हेही लक्षात ठेवायला हवं. पुढे तीच सांगते की नुसत्या नशिबावर भिस्त ठेवून बसणारा नाश पावतो.

सगळं ठरलेलं आहे असं खरोखर मानणारा पंथ आपल्याकडे होता. तो आजीविकांचा. बुद्ध आणि महावीर यांचा समकालीन मक्खली गोशाल हा त्यांचा प्रमुख. बौद्ध ग्रंथांनुसार त्याचं मत असं की प्रयत्न, बळ, पुरुषकार असं काही नसतंच; फेकलेली सुताची गुंडी उलगडत जाऊन संपते, तसे शहाणे आणि मूर्ख सारखेच फेरे पुरे करून सुटतात. बिहारमधल्या बराबर डोंगरातली मौर्यकालीन लेणी या आजीविकांना दिलेली होती. बौद्ध, जैन आणि वैदिक परंपरा एकमेकींशी शेकडो मुद्द्यांवर भांडल्या, पण ही नियती तिघींनीही नाकारली. ‘नशिबात होतं’ म्हणून आपण गप्प बसतो तेव्हा गीतेपेक्षा गोशालाच्या जास्त जवळ असतो.

ईश्वर आला की प्रश्न पुन्हा अवघड होतो. कौषीतकी उपनिषदात म्हटलंय की ज्याला वर न्यायचंय त्याच्याकडून तोच चांगलं कर्म करवतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात ईश्वर सगळ्यांच्या हृदयात राहून यंत्रावर बसवल्यासारखं प्राणिमात्रांना फिरवतो. मग पाप माझं कसं? ब्रह्मसूत्रांचं उत्तर (२.३.४२) असं की ईश्वर करवतो, पण जीवाने केलेल्या प्रयत्नाकडे पाहून करवतो, नाहीतर विधी आणि निषेध दोन्ही व्यर्थ ठरतील. रामानुजाचार्य यावर म्हणतात की पहिला प्रयत्न जीवाचा असतो, ईश्वर त्याला अनुमती देतो. मध्वाचार्यांची वाट वेगळी आहे. खऱ्या अर्थाने स्वतंत्र फक्त विष्णू, आणि जीवांची योग्यता मुळातच निरनिराळी. अद्वैतात शेवटच्या पायरीवर कर्तेपणच गळून पडतं. मात्र व्यवहारात आहे तोवर निवड आणि जबाबदारी पुरती खरी. ‘आत्मा अकर्ता आहे’ हे वाक्य कुणी आपली चूक झाकायला वापरू लागलं तर एवढंच पाहावं, की पगार घेतानाही तो अकर्ताच राहतो का.

गीतेचा शेवट मला या सगळ्या वादाहून मोठा वाटतो. ‘लढणार नाही असं म्हणतोस, पण तुझी प्रकृतीच तुला लढायला लावील’ असं सांगून झाल्यावर, यंत्राचा श्लोक सांगून झाल्यावर, अवघ्या दोन श्लोकांनी श्रीकृष्ण म्हणतात: याचा पूर्ण विचार कर, आणि मग ‘यथेच्छसि तथा कुरु’, तुला वाटेल तसं कर. अकराव्या अध्यायात विश्वरूप दाखवून झालंय, भीष्म-द्रोण मेलेलेच आहेत असं सांगून झालंय. आज्ञा देण्याचा अधिकार असलेला कुणी असेल तर तोच. तरी शेवटचा शब्द अर्जुनावर सोडला आहे.

एक गाठ मात्र सुटत नाही. आजची निवड कालच्या संस्कारांतून, कालची परवाच्या. मग पहिली निवड कुठून आली? ब्रह्मसूत्रं (२.१.३५) म्हणतात, संसार अनादी आहे, पहिली अशी निवड नाहीच. यात तर्काची चूक नाही, पण माझं समाधान होत नाही. साखळीला सुरुवात नाही म्हटल्याने पहिल्या कडीचा प्रश्न जातो, अख्खी साखळी माझ्याच गळ्यात का, हा राहतोच.

आणि हा प्रश्न काहींच्या गळ्याला फार आवळला गेला. छांदोग्य उपनिषदात (५.१०.७) चांगल्या आचरणाने चांगली योनी आणि वाईट आचरणाने कुत्र्याची, डुकराची, चांडाळाची योनी मिळते असं स्पष्ट लिहिलंय. म्हणून ‘मूळ सिद्धांत शुद्ध होता, लोकांनी विपर्यास केला’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. चोखामेळ्याचा मुलगा कर्ममेळा ‘आमुची केली हीन याती’ म्हणत थेट विठ्ठलाला जाब विचारतो: उष्टं खाण्यात जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही? पूर्वजन्मीच्या पापाचं स्पष्टीकरण तो पुढे करत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हीच गोष्ट तर्काने मांडली: गोरगरिबांच्या दशेला त्यांचंच मागल्या जन्मीचं कर्म कारण ठरवलं की राज्य आणि समाज जबाबदारीतून सुटतात. या आक्षेपाला टाळून कर्मसिद्धांताचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं.

माझ्यापुरतं मी असं मानतो की हा सिद्धांत स्वतःला लावायचा, दुसऱ्याला नाही. समर्थ रामदास ‘मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले, तयासारिखे भोगणे प्राप्त झाले’ म्हणतात तेव्हा समोर बसवलंय ते आपल्याच मनाला, शेजाऱ्याला नव्हे. गौतमीनेही माझं कर्म म्हटलं ते आपल्या दुःखापुरतं. दुसऱ्याच्या दारी दुःख आलं तर काय करायचं, याचं उत्तर तत्त्वज्ञांपेक्षा वैद्यांकडे जास्त नीट सापडतं.

चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ नावाच्या विभागात तिसरा अध्याय साथीच्या रोगांवर आहे. पांचाल देशात, काम्पिल्य राजधानीजवळ गंगेच्या काठी पुनर्वसु आत्रेय शिष्यांबरोबर फिरताहेत. अग्निवेश विचारतो, प्रत्येकाचं आयुष्य ठरलेलं असतं की नसतं? आत्रेय म्हणतात, सगळ्यांचं सगळं ठरलेलं असतं तर औषधं, मंत्र, पथ्य कशाला हवं होतं? पिसाळलेल्या हत्ती-बैलांच्या वाटेतून बाजूला तरी कशाला व्हायचं? दैव म्हणजे मागल्या देहात आपणच केलेलं, पुरुषकार म्हणजे या देहात करतो ते. दोहोंत जे बलवान ते दुसऱ्याला मोडतं. काही कर्मांचा विपाक वेळेला पक्का बांधलेला असतो, काहींचा नसतो. मग ते गाडीच्या आसाचं उदाहरण देतात. चांगला आस झिजत झिजत आपल्या वेळी संपतो. तोच आस फार ओझं लादलं, वाट वाईट असली, हाकणारा चुकला, वंगण घातलं नाही, तर मधेच मोडतो.

त्याच अध्यायातला दुसरा प्रश्न आणखी टोकदार आहे. माणसांच्या प्रकृती वेगळ्या, आहार वेगळे, वयं वेगळी, मग एकाच वेळी एकाच रोगाने अख्खा प्रदेश का मरतो? आत्रेय आजाऱ्यांची एकेकाची जन्मकुंडली उघडत नाहीत. वारा, पाणी, जमीन आणि ऋतू ही सगळ्यांना समान असलेली चार बिघडतात, असं ते सांगतात. त्याच्या मुळाशी अधर्म किंवा पूर्वीचं दुष्कर्म असतं, आणि दोन्हींचं मूळ चुकलेली बुद्धी. तो अधर्म उलगडून सांगताना बोट जातं ते प्रथम देशाच्या, नगराच्या, जनपदाच्या प्रमुखांकडे: ते धर्म सोडून प्रजेला वागवू लागतात, मग त्यांच्या आश्रयाने राहणारे आणि व्यापारउदीम करणारे तो अधर्म वाढवत नेतात. आणि हे कारण सांगण्याच्या आधी, ग्रहनक्षत्रांची आणि ऋतूंची लक्षणं बिघडलेली दिसताच, आत्रेयांनी अग्निवेशाला एक काम सांगितलेलं असतं: जमिनीचा रस उतरण्यापूर्वी औषधी उपटून आणा, साठवून ठेवा, पुढे लागतील.